किराणा, एसटी आणि लायसनवाला नवरा

मागच्या महिन्यात इथल्या एका मंडळाच्या कार्यक्रमातून निघताना एका स्नेह्यांनी विचारलं, "गाडी कुठे लावलीयेस रे?" म्हटलं, गाडी नाहीये, बसने आलोय. "बरं, आणि किराणा वगैरे?" तोही बसनेच. यावर त्यांनी आधी माझ्याकडे, मग बायकोकडे, मग तिच्या हातातल्या दोन चाकांच्या ट्रॉलीकडे बघितलं आणि अत्यंत सहानुभूतीने म्हणाले, "वहिनी, कसं हो मॅनेज करता? हा एवढा कमावतो आणि तुम्हाला पिशव्या ओढायला लावतो!"

च्यायला! म्हणजे बायकोवर अन्याय करणारा मी. ती हसून गप्प बसली, मला ते जमणार नाही, म्हणून हा लेख.

ऑनसाईटवाल्या आपल्या लोकांत एक समजूत घट्ट रुजली आहे. परदेशात गेलं की आधी नोकरी, मग लायसन, मग गाडी, आणि मग शनिवारी सहकुटुंब इंडियन स्टोअर. डिकीत तांदळाचं वीस पौंडांचं पोतं पडलं की झाला संसार. बसने भाजी आणणारा एक तर विद्यार्थी, नाही तर कंजूष. मी स्वतः दोन वर्षं हा शनिवारचा संसार केलेला आहे, त्यामुळे ऐकीव बोलत नाहीये.

२००८ साली आम्ही टेक्सासमध्ये, डॅलसच्या एका उपनगरात होतो. बायको एच-४ वर. (तेव्हा एच-४ वाल्यांना काम करायची परवानगीच नव्हती, ती काही जणांना मिळाली २०१५ साली.) लेकीच्या जन्माच्या वेळी आई कळंबहून आली. आमचं कळंब म्हणजे इंदापूर तालुक्यातलं, वालचंदनगरच्या शेजारचं. दुसरीही कळंबं आहेत, म्हणून खुलासा. येताना आईने डिंक, हळीव, बाळंतशेपा असं सगळं आणलं होतं, पण महिन्याभरात हळीव संपले. इंडियन स्टोअर चौदा मैलांवर. "शनिवारी आणू," मी म्हणालो. शनिवारी आमचं रिलीज निघालं. पुढच्या शनिवारीही त्याच रिलीजचं शेपूट.

एका दुपारी घरातलं दूधही संपलं. साधं अमेरिकन दुकान दीड मैलावर होतं. आई म्हणाली, दीड मैल म्हंजे काय लांब हाय व्हय? सासू-सून बाळाला बाबागाडीत घालून निघाल्या. फूटपाथ तीनशे फुटांवर संपला. तिथून पुढे रस्त्याच्या कडेच्या गवतातून बाबागाडी ढकलत दोघी चाललेल्या. मागून पोलिसांची गाडी आली. पोलीस बिचारा सज्जन होता. काही अडचण आहे का, कुठे सोडू का, असं विचारलं त्याने. गाडी बंद पडल्याशिवाय त्या रस्त्याने कोणी चालत असेल हेच त्याच्या डोक्यात येईना. संध्याकाळी मी घरी आलो तर आई एवढंच म्हणाली, "तुझ्या गावात पोरा बाईमाणसानं पायी चालाय नगं, लगीच पोलीस येतोय."

मला तेव्हा हसू आलं होतं. आता येत नाही.

जी बाई कळंबहून एसटीत नाही तर वडापमध्ये बसून बारामतीला जायची, भाव करून बाजार आणायची, वाटेत मावशीकडे चहा घेऊन दिवेलागणीला घरी परतायची, ती सहा महिने माझ्या घरात खिडकीपाशी बसून शनिवारची वाट बघत होती. बायको इंजिनियर. तीही शनिवारचीच वाट बघत होती. आपण सिस्टीम डिझाईन करताना सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर म्हणून किती आरडाओरडा करतो! एक सर्व्हर बसला की सगळं बसतं, चालणार नाही, दुसरा हवाच. आणि घरात? लायसनवाला एक नवरा. तो मीटिंगमध्ये अडकला की दूध, हळीव, डॉक्टर, मैत्रीण, सगळं डाऊन!

"मग बायकोला गाडी शिकवायची ना!" असं म्हणणारे भेटतात. शिकवली की. लायसनही मिळालं. मग दुसरी गाडी, दुसरा विमा. आणि आईचं काय? पर्यटक व्हिसावर सहा महिन्यांसाठी आलेल्या बाईला हायवेवर गाडी चालवायला लावायची? लेक मोठी होऊन सोळा वर्षांची होईपर्यंत तिला कोण सोडणार-आणणार? घरातल्या निम्म्या माणसांना कधीच चालवता येणार नाही असं वाहन, आणि त्याला आपण स्वातंत्र्य म्हणतो.

यात सगळ्या अमेरिकेला शिव्या घालायच्या नाहीत. जर्सी सिटीत जर्नल स्क्वेअरला पाथ ट्रेनमधून उतरा, चालत नेवार्क अ‍ॅव्हेन्यूवर जा, मेथीपासून मोदकाच्या साच्यापर्यंत सगळं मिळतं. इझलिनच्या ओक ट्री रोडलाही मेट्रोपार्क स्टेशनवरून चालत जाता येतं. आणि त्याच देशात टेक्सासमधलं आर्लिंग्टन आहे. वस्ती चार लाखांच्या घरात, मोठी मोठी स्टेडियम्स, पण गावभर फिरणारी ठरलेल्या मार्गांची बससेवा नाही. २०१७ साली मोबाईलवरून बोलवायच्या व्हॅन आल्या, इतकंच. म्हणजे हा फरक देशाचा नाही. कुठल्या गावात बस ठेवायची हे कोणीतरी ठरवलं, कुठल्या गावात नाही ठेवायची हेही कोणीतरी ठरवलं. आपण मात्र ऑफर लेटरमध्ये पगार, बोनस, विमा सगळं वाचतो आणि घराजवळ बस थांबते का, हे विचारत नाही.

२०२३ साली आई पुन्हा आली, या वेळी लंडनला. वय अडुसष्ट, गुडघे कुरकुरणारे. आम्ही राहतो सडबरीला. दारातून १८ नंबरची बस वेम्बलीला जाते, सेंट्रल स्टेशनपाशी उतरलं की ईलिंग रोड. सगळा गुजराती बाजार. १९७२ साली इदी अमीनने युगांडातून हाकललेली कितीतरी गुजराती कुटुंबं लंडनच्या या भागात वसली, त्यांच्यामुळे आज आपल्याला गवार मिळते. (इतिहासाचे उपकार असेही असतात.) दुकानांबाहेर फुटपाथवरच दुधी, भेंडी, कढीपत्त्याच्या जुड्या. ज्वारीच्या पिठाच्या पिशवीवर "जुवार" लिहिलेलं.

पहिल्या दोन वेळा बायको आईबरोबर गेली. तिसऱ्या आठवड्यात मी घरून काम करत होतो, मीटिंग संपवून बाहेर आलो तर आई घरात नाही. माझी पाचावर धारण! फोन केला तर मागे बसमधली घोषणा ऐकू येतेय. "आरं, मेथी आणाय चाल्लेय. तू तुझं काम कर." दीड तासाने आली. मेथीच्या चार जुड्या, गुजराती दुकानदाराशी मराठीत घातलेल्या वादाची साग्रसंगीत हकीकत, आणि चेहऱ्यावर कळंबच्या बाजारावरून परत येतानाचा तो जुना रुबाब. टेक्सासच्या सहा महिन्यांत तो मला एकदाही दिसला नव्हता.

हे जमलं कशामुळे? बसची पायरी खाली, बाबागाडीला आणि ट्रॉलीला जागा, पुढचा थांबा कुठला ते बोलून सांगतात, आणि २०१६ पासून एका तासात बस बदलली तरी भाडं एकदाच. आई आली त्या वर्षी ते पावणेदोन पौंड होतं. तिने लगेच गुणाकार केला आणि म्हणाली, "आमच्यात बायांना अर्धं तिकीट झालंय, हितं न्हाई व्हय?" खरंच आहे. १७ मार्च २०२३ पासून महाराष्ट्रात एसटीत महिलांना निम्मं भाडं. या बाबतीत लंडनवर मात!

आता तोटेही सांगतो, नाही तर म्हणाल हा बसचा एजंट आहे. दहा किलो तांदूळ बसमधून आणणं हा वैताग आहे, ते आम्ही घरपोच मागवतो. पावसात ट्रॉलीतली कोथिंबीर भिजते. एकदा हिंगाची डबी पिशवीत उघडली आणि वरचा अख्खा मजला आमच्याकडे बघत होता. गाडीने चाळीस मिनिटांत होणाऱ्या कामाला आम्हाला दोन तास लागतात. आणि एसटीचं गुणगान करताना २०२१-२२ चा संप मी विसरलेलो नाही. तेव्हा वडापवाले मागतील ते भाडं देऊन आई बारामतीला जात होती. बस असणं आणि बसवर भरवसा असणं यात फरक आहेच.

पण खरी चिड येते ती पुण्याला गेल्यावर. १ जून १९४८ ला ज्याला अहमदनगरशी (आताचं अहिल्यानगर) जोडणारी पहिली एसटी धावली ते हे गाव. २००६ साली देशातला पहिला बीआरटीचा प्रयोगही आपणच केला आणि आपणच त्याचे हाल केले. परत आलेले आमचे मित्र वाकडला, बाणेरला टॉवरमध्ये राहतात. क्लब हाऊस आहे, पोहण्याचा तलाव आहे, आणि गेटबाहेर फूटपाथ नाही. एका मित्राची आई चार वर्षांत एकटी गेटबाहेर गेलेली नाही, कारण समोरचा रस्ता ओलांडायची भीती वाटते. भाजी दहा मिनिटांत दारात येते, तेव्हा प्रॉब्लेम काय, असं मित्र विचारतो. त्याच्या आईला कोणी विचारलेलं नाही. टेक्सासमधली माझी ती खिडकी यांनी पैसे मोजून, कर्ज काढून पुण्यात बांधून घेतली आहे!

असो. ते सहानुभूतीवाले स्नेही. त्यांचा गेल्या रविवारी फोन आला. त्यांचे आईवडील मे महिन्यात येताहेत, वडील दिवसभर घरात बसून कंटाळतील म्हणाले, "तुझी ती बस कुठली रे?" मी १८ नंबर सांगितला, आणि हेही सांगितलं की बसमध्ये रोख पैसे घेत नाहीत, दोघांना दोन वेगळी कार्डं काढून ठेव, एकात भागवायला जाऊ नकोस. ट्रॉली कुठून घेतली ते त्यांनी विचारलं नाही. विचारतील.