‘एकच प्याला’ : नाटक कोणाचे?

राम गणेश गडकरी यांच्या ‘एकच प्याला’ची गोष्ट निघाली, की डोळ्यांपुढे प्रथम सिंधूच उभी राहते. याला पहिल्या प्रयोगापासूनचे कारण आहे. नवसारीस जन्मलेल्या गडकऱ्यांचे हे नाटक गंधर्व नाटक मंडळीने २० फेब्रुवारी १९१९ रोजी बडोद्यास प्रथम रंगभूमीवर आणले. नाटककार २३ जानेवारीसच निवर्तले होते. पदे विठ्ठल सीताराम गुर्जर यांनी रचली. सिंधूच्या भूमिकेत साक्षात बालगंधर्व! प्रेक्षकांच्या अश्रूंनी तेव्हाच निकाल दिला, की नाटक सिंधूचे. आम्हांस मात्र तो निकाल पुन्हा तपासावासा वाटतो.

सिंधूची बाजू लंगडी नाही. संसार धुळीस मिळाल्यावर ती माहेरची मदत नाकारते व दळणे दळते. नवऱ्याच्या हातून तान्हे मूल जाते, ती स्वतः मरणोन्मुख होते, तरीही पोलिसांपुढे त्याच्यावर बोल येऊ देत नाही. तथापि हे सारे निर्णय एकाच दिशेचे आहेत. पहिल्या अंकातील सिंधू पाचव्या अंकातही तीच आहे. तिचे दैव फिरते, ती फिरत नाही.

येथे ॲरिस्टॉटलने सांगितलेली खूण उपयोगी पडते. सर्वस्वी निर्दोष माणसाची धूळधाण पाहून मनास नुसता धक्का बसतो. सर्वस्वी दुष्टाच्या नाशाने करुणा उपजत नाही. या दोहोंमधला, एका प्रमादाने कोसळणारा मनुष्य, तोच शोकांतिकेचा नायक. या मापाने सिंधू एका टोकास आहे, तळीराम दुसऱ्या टोकाकडे झुकलेला आहे, आणि मध्ये उभा आहे सुधाकर.

सुधाकर बुद्धिमान आहे, तसाच मानीही. वकिलीची सनद काही काळापुरती गेल्याचा अपमान त्यास सोसवत नाही, आणि त्याचा विसर पडावा म्हणून तळीरामाने पुढे केलेला पहिला प्याला तो घेतो. पुढे तो दारू सोडतोही. परंतु जगाने झिडकारताच तोच दुखावलेला मान त्यास पुन्हा प्याल्याकडे ओढून नेतो. त्याच्या उठण्याचे बळ आणि पडण्याचे कारण एकाच स्वभावात आहे. म्हणूनच आमच्या मते हे नाटक त्याचे आहे.

वाचकहो, हा वाद निव्वळ पंडिती नाही. सिंधूस केंद्रस्थानी बसविले, की नाटकाचा बोध सोसण्याचा होतो आणि तो आपण लेकीसुनांच्या पदरी घालून मोकळे होतो. सुधाकरास बसविले, की प्रश्न घरच्या कर्त्या पुरुषाकडे वळतो : आपल्या मानाची किंमत तू कोणाकडून वसूल करतोस? गडकऱ्यांनी सिंधूच्या शेजारी तळीरामाची फटकळ बायको गीता उभी केली आहे, हेही विसरता कामा नये. मुकाट्याने सोसणे हीच स्त्रीची एकमेव वाट त्यांना दाखवावयाची असती, तर गीतेचे प्रयोजनच उरले नसते.

अश्रू सिंधूसाठी खुशाल ढाळावेत. परंतु घरात पुस्तक असेल, तर सुधाकर दारू सोडतो आणि पुन्हा धरतो, तेवढा भाग मुलांसमवेत मोठ्याने वाचावा, आणि तो नेमका कोठे थांबू शकला असता, हे मुलग्यांस आधी विचारावे.