पोट्ट्यांना इंग्रजी गाणं येते, मग इंग्रजी काहून येत नाही?

आपल्याकडे लेकराच्या इंग्रजीची परीक्षा कशी होते, माहीत आहे ना? पाहुणे आले की लेकराला मधोमध उभं करायचं. "बेटा, काकांना पोएम म्हणून दाखव." लेकरू हातवारे करत 'ट्विंकल ट्विंकल' म्हणते, पाहुणे टाळ्या वाजवतात, आईबाप खूश. फी वसूल!

आता त्याच लेकराला इंग्रजीत विचारा, "तुझी पाण्याची बाटली कुठे आहे?" ते आईच्या तोंडाकडे पाहते.

म्हणून गाण्यातून इंग्रजी येत नाही, असं मी म्हणत नाही. उलट आपल्या शाळांकडे गाण्याइतकं स्वस्त आणि पक्कं साधन दुसरं नाही. आपण चुकतो ते गाणं निवडताना, आणि गाणं संपल्यावर.

पुरावा घरातच आहे. जिनं शाळेची पायरी चढली नाही, ती आजीसुद्धा नातवाच्या केकसमोर 'हॅपी बर्थडे' म्हणते. कधी म्हणायचं, नाव कुठे घालायचं, तिला बरोबर कळते. हे तिला चालीनं शिकवलं. आणि ही चाल आली कुठून? शाळेतूनच! अमेरिकेतल्या केंटकी राज्यात पॅटी आणि मिल्ड्रेड हिल या बहिणी होत्या. पॅटी बालवाडीची शिक्षिका. १८९३ मध्ये त्यांचं 'गुड मॉर्निंग टू ऑल' हे वर्गात म्हणायचं गाणं छापून आलं. वाढदिवसाचे शब्द त्याच चालीवर नंतर बसले. वाक्य एकच, कामाचं, आणि नाव बदलता येणारं. म्हणून ते जगभर चाललं.

'ट्विंकल' मात्र जेन टेलर यांची १८०६ मधली कविता. कविता गोड आहे, पण हा शब्द तुम्ही मोठेपणी किती वेळा वापरला? 'जॅक अँड जिल'मध्ये बादलीला 'पेल' म्हणतात. आपल्या बाजारात 'बकेट' म्हटलं तर कोणीही बादली काढून देईल, 'पेल' मागून पाहा!

मोठ्या पोरांचंही तेच. २०१६ च्या 'जाऊंद्या ना बाळासाहेब'मधलं 'बेबी ब्रिंग इट ऑन' वरातीत वाजलं की सगळे नाचतात. 'ब्रिंग इट ऑन' म्हणजे काय, हे नाचणाऱ्या दहा जणांना विचारा. एकेक शब्द सोडवत बसलात तर काहीच हाती लागत नाही. त्याचा अर्थ, "चल, होऊनच जाऊ दे!" समोरच्याला दिलेलं आव्हान. बोलीभाषा अशीच अख्खी उचलावी लागते. फक्त गाण्यातलं 'वॉना', 'गॉना' बोलण्यापुरतं ठेवा, दहावीच्या पेपरात 'वाँट टू', 'गोइंग टू'च लिहा.

हे मी नवीन सांगत नाही. कॅरोलिन ग्रॅहम या अमेरिकन शिक्षिकेचं 'जॅझ चँट्स' हे पुस्तक १९७८ मध्ये आलं. रोजची बोलायची वाक्यं तालावर म्हणून घ्यायची, एवढीच युक्ती. इंग्रजीत कोणत्या शब्दावर जोर द्यायचा आणि कोणता गिळायचा, हे व्याकरणाच्या पुस्तकातून कळत नाही, तालातून कळते.

२००० सालापासून आपल्या मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आहे. रामकृष्ण मोरे तेव्हा शिक्षणमंत्री होते. त्या वर्षी पहिलीत गेलेली पोरं आता तिशी गाठून आहेत. बातमीसाठी फिरताना मला ती भेटतात. पाटी वाचतात, मोबाईलवरचा मेसेज वाचतात, पण मुलाखतीत पहिल्याच प्रश्नाला घसा कोरडा पडतो. या धास्तीनं ती आपली लेकरं कॉन्व्हेंटच्या व्हॅनमध्ये बसवतात. जिल्हा परिषद शाळेचा पट घसरतो. २०२३ मध्ये सरकारनं २० पेक्षा कमी पटाच्या शाळांसाठी समूहशाळांचे प्रस्ताव मागवले होते, ते विसरू नका. घरात म्हटलेल्या एका पोएमवर गावच्या शाळेचं भविष्य ठरत असेल, तर हा विषय लहान नाही.

मग करायचं काय? आपल्या आया-बहिणी भुलाबाईच्या गाण्यांतून नाती, दागिने, खाऊची नावं शिकल्या. चाल आपलीच घ्या, ताल डफड्याचा घ्या, वाक्य रोजचं घ्या. "डज धिस बस गो टू यवतमाळ?" दुसऱ्या दिवशी यवतमाळ काढा, कळंब घाला. तिसऱ्या दिवशी धामणगाव. "आय डिड नॉट अंडरस्टँड, प्लीज से इट अगेन" हे वाक्य तर प्रत्येक लेकराला आलंच पाहिजे, कारण 'मला समजलं नाही' म्हणायची हिंमत त्यातून येते. आठवड्याला एक वाक्य, परिपाठानंतर पाच मिनिटं. आणि शनिवारी चाल काढून टाकायची, नुसता प्रश्न विचारायचा. चालीशिवाय उत्तर आलं तरच ते इंग्रजी आलं.

याला निधी लागत नाही, टेंडर लागत नाही. लागते ती एवढीच मोकळीक, की गुरुजींना ऑनलाइन माहिती भरण्यातून रोज पाच मिनिटं सोडा. अधिकाऱ्यांना आणि शाळा व्यवस्थापन समित्यांना माझी हीच मागणी आहे.

तालुक्यातल्या कोणत्या शाळेत कोणी शिक्षक असं काही करत असेल तर मला कळवा. मी येतो, ऐकतो आणि लिहितो.