सेल्फ फिरतो, गाडी घेत नाही

आमच्या भंडाऱ्यात गाडी बंद पडली की सल्ला ठरलेला: "बॅटरी बदला." सेल्फ जोमाने फिरत असेल तर बॅटरीचा काय दोष?

पुतण्याची सॅन स्टॉर्म आहे, नव्वदच्या दशकाअखेरची, फायबरग्लासची दोन आसनी, रेनोचं ११४९ सीसी इंजिन. आठवडाभर घेत नाही, म्हणून भंगारात द्यायला निघाला. अशा गाडीचे सुटे भाग आता सहज मिळत नाहीत. अंदाजाने बदलत बसणं मला मुळीच पटत नाही. आधी किल्ली फिरवून टाकीतल्या पंपाची गुणगुण ऐकावी, मग प्लगची ठिणगी पाहावी. (सेल्फ एकदम हलका फिरला तर टायमिंग बेल्टचा संशय, तिथेच थांबावं!)

प्लग काढायला लावला. ओला निघाला, पेट्रोलचा वास. म्हणजे पेट्रोल पोचतंय, आता ठिणगी तपासायची. भंगारवाल्याला तूर्त नको म्हणून कळवलंय.