"पुढचा ब्रेक मारू नको!"

मित्रांनो, बाईक शिकताना तुम्हाला पहिला सल्ला कोणता मिळाला? मला काकांनी दिघीच्या जेटीजवळ दिला होता, "पुढचा ब्रेक मारू नको, तोंडावर आपटशील!" (मी कॉन्व्हेंटवाली, त्यामुळे शुद्धलेखन पोटात घाला. सल्ला मात्र जसाच्या तसा लिहिलाय.)

काकांची स्प्लेंडर २००४ ची. पुढेमागे ड्रम ब्रेक. या मे महिन्यात आगरदांड्याहून फेरीबोटीने दिघीला उतरले, तेव्हा काका घ्यायला आले होते. वाटेत एका उतारावर म्हैस आडवी आली. काकांनी सवयीप्रमाणे फक्त मागचा ब्रेक दाबला. चाक लॉक झालं, गाडी तिरकी घसरत गेली आणि म्हशीपासून हातभर अंतरावर थांबली. म्हैस हललीसुद्धा नाही! मी मात्र घरी पोचताच जाहीर केलं, "काका, पुढे डिस्क बसवायची!"

गॅरेजवाल्याने यादी सांगितली. हब, डिस्क, कॅलिपर, मास्टर सिलिंडर... शिवाय ड्रमवाल्या शॉकअपला कॅलिपर बसवायला जागाच नसते, म्हणजे तोही बदला. काका म्हणाले, "त्यापेक्षा दुसरी गाडी घेईन की!" मला राग आला, पण मग वाटलं, आहे तो ब्रेक तरी उघडून बघू.

बघितलं आणि कपाळाला हात लावला. खाऱ्या वाऱ्याने केबल आतून गंजलेली. लिव्हर दाबायला जोर लागायचा आणि त्यातला अर्धा जोर केबलच खायची. लायनर चकचकीत, काचेसारखे. आणि लायनर झिजले म्हणून कुणीतरी ड्रमवरचा आर्म काढून दोन दाते पुढे बसवलेला! हा जुगाड फार चालतो. पण कॅम जास्त फिरला की अडकू शकतो. शिवाय ब्रेक लागताना केबल आणि आर्म यांच्यात साधारण ९० अंशांचा कोन हवा, तरच पूर्ण टॉर्क मिळतो. हे आपण फर्स्ट इयरच्या मेकॅनिक्समध्ये मार्कांसाठी शिकलो, आणि विसरलो.

आता जरा गणित, कारण काकांचा सल्ला मला खोडायचाच आहे. ब्रेक मारला की वजन पुढे सरकतं. व्हीलबेस सव्वा मीटर, गुरुत्वमध्य ६० सेंटिमीटर उंच आणि ब्रेकिंग ०.६ जी धरलं, तर सुमारे २९ टक्के वजन मागून पुढे जातं. आधी पुढे ४५ टक्के असेल तर आता ७४! म्हणजे थांबवण्याची ताकद पुढच्या चाकात, आणि आपण भीतीने नेमका तोच ब्रेक सोडून देतो. मग त्याची देखभाल कोण करणार? वळणात किंवा वाळूवर पुढचा ब्रेक खाडकन दाबला तर पडायला होतं, हे खरंच. पण त्यावर उपाय हळूहळू दाबायला शिकणं, हात न लावणं नव्हे.

डिस्क चांगलीच, वाद नाही. कोकणातल्या पावसात ड्रममध्ये पाणी शिरलं की पहिला ब्रेक लागतच नाही, आणि लांब घाटात ड्रम तापून ढिला पडतो. पण बसवायची तर एकाच गाडीचं अख्खं पुढचं सामान हवं. आमच्या हॉस्टेलवर एकाने कॅलिपर एकाचा आणि मास्टर सिलिंडर दुसऱ्याचा असं लग्न लावलं. पिस्टनच्या क्षेत्रफळाचं प्रमाण जमेना, लिव्हर दगडासारखी कडक! त्यात मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनशी न जुळणारे बदल करू देत नाही. एप्रिल २०१९ पासून नव्या गाड्यांना १२५ सीसीच्या वर एबीएस, आणि त्याखाली एबीएस नाहीतर सीबीएस सक्तीचं झालं. छान. पण रस्त्यावरच्या जुन्या गाड्यांचं काय? त्यांना हात फक्त आपलाच लागणार.

असो! आम्ही नवी केबल, नवे लायनर टाकले, कॅम साफ करून ग्रीसचं बोट लावलं. लायनरची धूळ मी ओल्या फडक्याने पुसली. गॅरेजमध्ये ती तोंडाने फुंकतात. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं हो! सगळा खर्च डिस्कच्या नुसत्या कॅलिपरइतकाही झाला नाही.

मग मोकळ्या मैदानात मी काकांना शिकवायला उभी राहिले. पन्नाशीचा माणूस पुतणीकडून ब्रेक शिकतोय म्हणून पोरं जमली. दहाव्या वेळेला गाडी सरळ रेषेत, न घसरता थांबली. काका काही बोलले नाहीत. घरी जाताना म्हणाले, "मागे बस, पण काकूला सांगू नको."