पृच्छना वर्गातही हवी



नववीतल्या नातीला परवा म्हटलं, "अगं, समजलं नाही तर हात वर का करत नाहीस?" म्हणाली, "आजी, सगळे हसतात."

मला माझेच दिवस आठवले. मी बी.कॉम. झाले ती गाईडमधली उत्तरं पाठ करून. वर्गात कधी तोंड उघडलं नाही. लग्नानंतर घरच्या दुकानाचा ताळेबंद हातात आला, तेव्हा घसारा म्हणजे काय हे दिवाणजींना विचारावं लागलं. पदवी होती, समज नव्हती.

तत्त्वार्थसूत्राच्या ९ व्या अध्यायात स्वाध्यायाचे ५ प्रकार सांगितलेत: वाचना, पृच्छना, अनुप्रेक्षा, आम्नाय, धर्मोपदेश. घोकणं, म्हणजे आम्नाय, त्यात आहेच, पण चौथं. विचारणं दुसरं, मनन तिसरं. शेवटी दुसऱ्याला सांगणं. आपल्या शाळा मात्र वाचनावरून थेट पाठांतरावर उडी मारतात.

आपल्या नागपुरातल्या अपूर्व विज्ञान मेळ्यात महापालिका शाळांची मुलं साध्या वस्तूंतून प्रयोग करून येणाऱ्याला समजावतात. समजावताना अडलं की आपलं कुठे कच्चं आहे ते आपोआप कळतं.

भरलेल्या वर्गात प्रत्येकाला बोलू देणं शिक्षकांना अवघड, हे मान्य. म्हणून सुरुवात घरातून करू या. संध्याकाळचं जेवण सूर्यास्ताआधी आटोपलं की नात मला एक धडा शिकवते. मी मुद्दाम शंका काढते.

गेल्या आठवड्यात तिनं वर्गात हात वर केला. दोघीतिघी हसल्याच. पण उत्तर तिला मिळालं, आणि हसणाऱ्यांनीही ते वहीत उतरवून घेतलं!