बुधवारची पोटदुखी



सात-आठ वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. आमची धाकटी तेव्हा चौथीत होती आणि तिचं पोट दर बुधवारी दुखायचं. मंगळवारी नाही, गुरुवारी नाही, नेमकं बुधवारी! सकाळी दुधाचा पेला तसाच राहायचा, वेणी घालायला बसली की पोट धरून वाकायची. मी ओवा आणि काळं मीठ दिलं, बेंबीभोवती हिंग लावला, मंगळवारची संध्याकाळची भेळ बंद केली. शेवटी डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी पोट दाबून पाहिलं, जीभ पाहिली आणि मला बाजूला घेऊन विचारलं, "बुधवारी शाळेत काय असतं हो?"

मला सांगता येईना. बुधवारी डब्यात काय असतं ते ठाऊक होतं, पांढरे बूट कोणत्या वारी ते ठाऊक होतं. वर्गात काय असतं ते मी कधी विचारलंच नव्हतं. माझा रोजचा प्रश्न ठरलेला, "डबा संपवलास का?" आणि परीक्षा झाली की, "किती मिळाले?"

दोन दिवस गोंजारून विचारल्यावर उलगडा झाला. बुधवारी पाढे असायचे. जिचा पाढा अडेल तिने फळ्याजवळ जाऊन उभं राहायचं आणि बाकीच्या मुलींनी एका सुरात "शेम, शेम" म्हणायचं. मारणं नाही, अंगठे धरणं नाही. बाई तर प्रेमळ म्हणून नावाजलेल्या. मी म्हटलं, "एवढंच ना? मग पाढे नीट पाठ कर." त्यावर ती खाली बघत म्हणाली, "आई, माझा पाढा येतो तेव्हा मला पण म्हणावं लागतं. नाही म्हटलं की सगळ्या माझ्याकडे बघतात."

हे ऐकलं आणि माझ्या हातातली कणीक तशीच राहिली. तिला नुसती उभं राहण्याची भीती नव्हती, दुसरीला हसावं लागायचं त्याचीही होती. साठाच्या वर मुलींचा वर्ग आठवड्यातून एकदा एकमेकींना लाजवायला शिकत होता, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. शाळेचं वातावरण म्हणतात ते हेच. भिंतीवरच्या सुविचारांवरून ते कळत नाही. मूल चुकलं की पुढच्या मिनिटाला काय होतं, त्यावरून कळतं.

पदर खोचून मी शाळेत निघाले होते. पण चपला घालताना मला आमच्याच घरची दिवाळी आठवली. फराळाला पाहुणे जमलेले, आणि मी कौतुकाच्या सुरात म्हणतेय, "सांग मावशीला, गणितात किती मिळाले ते!" सगळे हसले होते. धाकटी ताट तसंच टाकून आत गेली होती. तिच्या शाळेतला बुधवार आमच्या घरात दिवाळीला होता, एवढाच काय तो फरक. तेव्हा भांडायला निघालेली मी बोलायला म्हणून गेले. (यजमान म्हणाले, "आधी चहा घे." तोही सल्ला वाईट नव्हता.)

बाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "अहो, पस्तीस मिनिटांचा तास. साठ जणींचे पाढे म्हणून घ्यायचे कधी? असं केलं की मुली घरून पाठ करून येतात. आम्हीही असंच शिकलो." मला राग यायला हवा होता, पण त्यांच्या टेबलावरच्या वह्यांचा ढीग बघून तो आला नाही. मुख्याध्यापिकाबाईंनी आम्हा दोघींना समोरासमोर बसवलं आणि विचारलं, "पाढे यायलाच हवेत. मग दुसरं काय करता येईल?" कोण चुकलं हा विषयच त्यांनी काढला नाही. मला वाटतं, निम्मं काम तिथेच झालं.

ठरलं ते अगदी साधं होतं. मुलींनी जोडीजोडीने पाढे म्हणायचे, एकीने म्हणायचे आणि दुसरीने वहीत बघून सांभाळायचे. अडली तर जोडीदारणीने पुढचा आकडा सांगायचा. दोन आयांनी त्या तासाला येऊन शेवटच्या बाकांवर बसायचं आणि ऐकायचं. मी आठ बुधवार गेले. पहिल्या बुधवारी इतका गोंगाट झाला की शेजारच्या वर्गाच्या बाई तक्रार घेऊन आल्या. दुसऱ्या बुधवारी एकीचा पाढा अडला आणि सवयीने चार-पाच जणींच्या तोंडून "शेम" निघालंच. तेव्हा बाईंनी खडू खाली ठेवला. म्हणाल्या, "हे तुम्हाला मीच शिकवलं. ते माझं चुकलं. आता मीच ते बंद करते." वर्ग एकदम चिडीचूप झाला. बाई स्वतः चुकतात आणि तसं सांगतात, हे त्या मुलींनी बहुधा पहिल्यांदाच पाहिलं असावं. मीही पहिल्यांदाच पाहत होते.

सगळ्याच आया खूश नव्हत्या. "असं लाडावलं तर शिस्त कशी लागायची?" असं एकीने मला भाजीच्या गाडीपाशीच ऐकवलं. तिचा मुद्दा सोडून द्यावा असा नाही. शिस्त हवीच. पण माझ्या मुलीने पोट दुखवून घेतलं तेव्हा तिला शिस्त लागली नव्हती, फक्त खोटं बोलायची वाट सापडली होती.

त्या दिवसांत शाळेतून परतताना मी दगडूशेठ गणपतीला जायची. समोरच बुधवार पेठेतला भिडेवाडा तेव्हा मोडकळीला आलेला उभा होता. (डिसेंबर २०२३ मध्ये तो पाडला, तिथे स्मारक व्हायचं आहे.) जोतीराव आणि सावित्रीबाईंनी १८४८ साली मुलींची शाळा काढली ती इथेच. शाळेत जाताना सावित्रीबाईंच्या अंगावर शेण-चिखल पडायचा, म्हणून त्या जास्तीचं लुगडं जवळ ठेवायच्या, ही गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. मला मात्र मुक्ता साळवे आठवायची. मांग समाजातली ही मुलगी फुल्यांच्या शाळेत शिकली आणि १८५५ साली तिचा निबंध 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. मांग-महारांच्या दुःखाविषयी तिने लिहिलं होतं. ज्या धर्माचे ग्रंथ वाचायचीही आम्हाला मनाई, तो धर्म आमचा कसा, असं तिने सरळ विचारलं होतं. त्या काळी, त्या जातीतल्या, त्या वयाच्या मुलीने! तिच्या वर्गात एखादा प्रश्न चुकला म्हणून तिला कुणी लाजवलं असतं, तर हा मोठा प्रश्न तिच्या तोंडून निघाला असता का हो? आणि आमच्या मुलींना फरशीच्या वर्गात, पंख्याखाली बसून, "बाई, मला कळलं नाही" एवढं म्हणायचं धाडस होत नव्हतं.

आपल्या पुण्यात निराळं करून पाहणाऱ्या शाळाही आहेत. सेनापती बापट रस्त्यावरची 'अक्षरनंदन' ही मराठी माध्यमाची शाळा १९९२ साली सुरू झाली. तिथली दुकानजत्रा पुष्कळ जणींनी पाहिली असेल. मुलं वस्तू करतात, मांडतात, विकतात आणि हिशेब ठेवतात. तिथे गुणाकार चुकला तर गल्ल्यात पैसे कमी भरतात, आणि सगळी मिळून चूक शोधत बसतात. प्रत्येक शाळेला जत्रा भरवणं जमेलच असं नाही. चूक मिळून शोधणं मात्र कुठल्याही वर्गात जमण्यासारखं आहे.

आणखी एक. मी शाळेत गेले तेव्हा हात जोडूनच गेले होते, जणू काही उपकार मागायला. नंतर कळलं की कायदाच आपल्या बाजूने आहे. शिक्षणाचा हक्क देणारा कायदा २००९ साली झाला, १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या १७ व्या कलमाने मुलांना मारायला तर बंदी आहेच, मानसिक छळालाही आहे. "शेम, शेम" कशात बसतं ते तुम्हीच ठरवा. महापालिकेच्या, जिल्हा परिषदेच्या आणि अनुदानित शाळांत शाळा व्यवस्थापन समिती असावी लागते. तिच्यात तीन-चतुर्थांश सभासद पालक आणि एकूण सभासदांत निम्म्या स्त्रिया हव्यात. विनाअनुदानित शाळांना ही समिती लागू नाही, पण तिथे पालक-शिक्षक संघ असतो. जूनमध्ये सूचनेचा कागद दप्तरातून येतो आणि आपण तो फ्रिजवर लावून विसरतो. यंदा विसरू नका. "मला वेळ कुठे?" म्हणाल, तर बैठका काही रोज नसतात. त्यापेक्षा जास्त वेळ आपण भिशीला देतो! बैठकीला जाल तेव्हा फी आणि सहल यांच्याबरोबर एवढंही विचारा, की या शाळेत मूल चुकलं की काय करतात.

आणि घरी मुलांसमोर बाईंना नावं ठेवू नका. मला स्वतःला ही सवय मोडायला फार जड गेलं. मुलाला दोन्हीकडे विश्वास ठेवायचा असतो. आपण एक बाजू पाडली की ते कुठेच काही सांगत नाही. "किती मिळाले?" याऐवजी मी "आज कुणी कुणाला मदत केली?" असं विचारू लागले. पहिले काही दिवस "कुणीच नाही" एवढंच उत्तर मिळालं. मग हळूहळू गोष्टी यायला लागल्या, त्यांतल्या काही मला न आवडणाऱ्याही होत्या.

धाकटीची पोटदुखी महिनाभरात थांबली. एकोणीसचा पाढा मात्र तिला अजूनही जरा अडखळतच येतो. मार्चमध्ये एका बुधवारी ती पुन्हा पोट धरून बसली. माझ्या काळजात धस्स झालं. जवळ बसून, डोक्यावरून हात फिरवून विचारलं, "शाळेत काही झालं का गं?" तर म्हणते, "नाही गं. काल आम्ही सगळ्यांनी मिळून फाटकाजवळच्या कच्च्या चिंचा खाल्ल्या."

मी ओव्याची बरणी काढली.