काटा

सोमवारी सकाळी सव्वासातला आमच्या सोसायटीतल्या चौथ्या मजल्यावरच्या सूनबाईंचा मेसेज आला. सव्वासात ही माझी कुणाशीही न बोलण्याची वेळ आहे, हे या सदराच्या वाचकांना ठाऊक आहे, चौथ्या मजल्याला नाही. "काकू, आम्ही मे महिन्यात इटली करतोय. रोम, फ्लॉरेन्स, पिसा, व्हेनिस. तुम्ही ते आब्रुत्सो का काय ते केलं होतंत ना? तिथली नयनरम्य गावं, किल्ले आणि अभयारण्यं यांची छोटीशी लिस्ट द्याल? आम्ही अर्धा दिवस काढू शकतो." आणि पुढे जोडलेले हात.

अर्धा दिवस. आमच्याकडे गॅसचा माणूस यायचा असला तरी अर्धा दिवस काढून ठेवावा लागतो.

त्यात "इटली करतोय". पोळ्या करतात, चहा करतात, नको तिथे विनोद करतात. देश कसा करतात? यावर मी मंगळवार संध्याकाळपर्यंत धुमसत होते आणि मग भाजी निवडताना आठवलं की माझी आजी "काशी केली" असंच म्हणायची. म्हणजे शब्दाला नावं ठेवायची सोय नाही. पण आजी काशी करून परतली ती पावणेदोन महिन्यांनी, आणि आल्यावर तिनं गावाला मावंदं घातलं. चौथा मजला इटलीचं मावंदं घालणार असेल तर खुशाल करा म्हणावं.

"नयनरम्य"चं मात्र मी अजून माफ केलेलं नाही. हा शब्द कुणी तोंडानं बोलल्याचं तुम्ही ऐकलंय? "अगं, काल किनई मी एक नयनरम्य दरी पाहिली." माणूस असं म्हणाला तर त्याला पाणी द्यावं आणि बसवावं.

असो. ज्यांना माहितीच हवी आहे त्यांच्यासाठी ती उरकून टाकते. आब्रुत्सो हा रोमच्या पूर्वेचा डोंगराळ प्रांत, दुसऱ्या टोकाला एड्रियाटिक समुद्र. अपेनाइन्स पर्वतरांगेचं सर्वांत उंच शिखर इथे, ग्रान सास्सो पर्वतात, 2912 मीटर. प्रांताचा जवळजवळ तिसरा हिस्सा राखीव जंगलं आणि उद्यानांत मोडतो. राष्ट्रीय उद्यानं तीन, त्यातलं सर्वांत जुनं 1923 मध्ये सरकारी झालं. मार्सिकन जातीची अस्वलं याच भागात उरली आहेत, पन्नास-साठ. त्यातला हुआन कारितो नावाचा एक अस्वल 2021 मध्ये रोक्काराझो गावातल्या बेकरीत शिरला आणि बिस्किटं खाऊन गेला. पुढे 2023 च्या जानेवारीत तो गाडीखाली सापडला. मला इतक्या सगळ्या उद्यानांत एकही अस्वल दिसलं नाही. फक्त "अस्वलं आहेत, सावकाश चालवा" अशा पाट्या दिसल्या आणि त्यांच्यासमोरून सुसाट जाणाऱ्या गाड्या.

गावांचं म्हणाल तर तिथे सुंदर गावांचा रीतसर संघ आहे. 2001 मध्ये स्थापन झालेला. "इटलीतली सर्वांत सुंदर गावं" असं त्याचं नाव आणि सभासद गावांच्या वेशीवर तशी पाटी. स्कान्नो या संघात आहे, सान्तो स्तेफानो दि सेस्सानियो आहे. पाटी वाचून आत शिरलं की माणूस आपोआप हळू बोलायला लागतो, एखाद्या श्रीमंत नातेवाइकाच्या दिवाणखान्यात शिरल्यासारखा.

सान्तो स्तेफानोत मी आणि भाची (रोमला नोकरी करणारी, जिच्या छत्रीबद्दल मी पूर्वी लिहिलं आहे) ऑक्टोबरात दोन रात्री राहिलो. गाव साडेबाराशे मीटरवर, सगळं दगडी. वेशीवर मेदिची घराण्याचं चिन्ह कोरलेलं. फ्लॉरेन्सच्या या सावकारांना इथल्या मेंढ्यांच्या लोकरीत रस होता. थंडी पडली की ही खिल्लारं दक्षिणेला पुल्याच्या मैदानात उतरायची. ल आक्विलापासून फोज्जापर्यंतची मेंढवाट 244 किलोमीटर. आपल्या धनगरांना हे सांगायला नको. लोकरीचा धंदा बसला, माणसं रोमला, अमेरिकेला गेली आणि घरं तशीच राहिली. नवं बांधायला कुणी उरलंच नाही, म्हणून गाव सुंदर. आज वस्ती शंभर-सव्वाशे. 2020 मध्ये तर इथल्या पंचायतीनं राहायला येणाऱ्यांना वर्षाला आठ हजार युरोपर्यंत मदत जाहीर केली होती. अट एकच मला आडवी आली, वय चाळिशीच्या आत हवं.

रात्री जेवायला मसुरीचं सूप होतं. इथली मसूर प्रसिद्ध आहे. अगदी बारीक, काळसर, भिजत न घालता शिजणारी. वर ऑलिव्हचं तेल. मी पहिला चमचा घेतला आणि दुसऱ्याला कळलं काय कमी आहे ते. फोडणी. पाच युरो जास्त घ्या, पण जिरं घाला, असं म्हणावंसं वाटलं. भाचीनं भाषांतर करायला नकार दिला.

दुसऱ्या दिवशी किल्ला. रोक्का कालाशो. उंची सुमारे 1460 मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईपेक्षा थोडा ठेंगणा. मधे चौकोनी बुरूज, चार कोपऱ्यांना चार गोल बुरूज. 1703 च्या भूकंपानंतर वरची बरीचशी वस्ती खाली कालाशो गावात उतरली. 1985 च्या "लेडीहॉक" सिनेमात हा किल्ला आहे. ज्यानं-त्यानं मला एकच सांगितलं होतं, वर पोचल्यावर अंगावर काटा येतो.

काटा आला. थंडीनं. आम्ही पोचलो तेव्हा धुकं असं होतं की पहिला बुरूज मला दिसायच्या आधी हाताला लागला. ग्रान सास्सो समोर आहे, शेजारी अष्टकोनी चर्च आहे, खाली खोरं आहे, हे सगळं भाचीनं फोनवर दाखवलं. एवढ्या वर चढून मी फोनमध्ये फोटो बघत होते, जे मला घरी पंख्याखाली जमलं असतं.

त्या धुक्यात एक नवरी उभी होती. पायघोळ पांढरा झगा आणि पायात चिखलानं भरलेले ट्रेकिंगचे बूट. नवरा गारठलेला. फोटोग्राफर दर दोन मिनिटांनी काहीतरी म्हणायचा आणि सगळे आकाशाकडे बघायचे. "आता उघडेल" हे वाक्य कुठल्याही भाषेत कळतं. नवरीची आई दगडावर बसून होती. तिनं आम्हाला पाहिलं, बहुधा लग्नाच्या दिवशी कुणाला विन्मुख पाठवायचं नसतं म्हणून असेल, पिशवीतून जाळीची एक पुरचुंडी काढून माझ्या हातावर ठेवली. आत पाच पांढऱ्याशुभ्र गोळ्या, चिंचोक्यापेक्षा थोड्या मोठ्या, गारगोटीसारख्या गुळगुळीत. पाचच का, तर विषम संख्या दोघांत सारखी वाटता येत नाही, तसं जोडपं. मला हे फार आवडलं. मी एक तोंडात टाकून चावली.

माझ्या डाव्या दाढेवरच्या कॅपचा इतिहास वाचकांना पाठ आहे. तीन लेख झालेत. तर ती कॅप समुद्रसपाटीपासून 1460 मीटरवर निघाली.

या गोळीला म्हणतात कन्फेत्ती. आपण इंग्रजीच्या नादानं कन्फेटी म्हणजे उधळायचे रंगीत कागद समजतो. इटलीत कन्फेत्ती म्हणजे साखरेचं कवच चढवलेले बदाम आणि उधळायच्या कागदांना म्हणतात कोरिआन्दोली. कारण पूर्वी कार्निव्हलमध्ये साखरेत घोळवलेले धणे फेकायचे. धण्याचा कागद झाला, नाव धण्याचंच राहिलं. कन्फेत्तीचं गाव सुल्मोना, ओव्हिड या रोमन कवीचं जन्मगाव. रोक्का कालाशोहून फार लांब नाही. कॅप हातात धरून मी सुल्मोनाला जायचं ठरवलं. गुन्ह्याची जागा बघावी म्हणून.

आणि इथून पुढे मला किल्ले, गावं, अस्वलं काही आठवत नाही.

सुल्मोनाच्या मुख्य रस्त्यावर दुकानांबाहेर फुलांच्या परड्या लावलेल्या असतात. पिवळी, लाल, जांभळी. लांबून वाटतं फुलबाजार. जवळ गेलं की पाकळ्या म्हणजे एकेक बदाम, रंगीत चकचकीत कागदात गुंडाळून तारेनं बांधलेला. बदामांचे डेझी, बदामांची सूर्यफुलं, बदामांची गव्हाची कणसं. पंधराव्या शतकात इथल्या सान्ता किआराच्या मठातल्या जोगिणी रेशमी धाग्यानं ही फुलं बांधायच्या असं सांगतात. मी परडीसमोर उभी राहिले आणि माझ्या तोंडून निघालं, "अगं, हे तर हलव्याचे दागिने!"

भाचीला हलव्याचे दागिने माहीत नव्हते. तिच्या बोरन्हाणाला मीच मुकुट घातला होता, बाजूबंद घातले होते, तिनं बाजूबंद चाटून रिकामा केला होता. फोटो आहे.

एका जुन्या कारखान्याचं छोटं संग्रहालय आहे, 1783 पासूनचं घराणं. तिथे तांब्याची मोठमोठी भांडी पाहिली. बदाम त्यात घालायचे, भांडं हलतं ठेवायचं, खाली ऊब, वरून थोडा थोडा पाक. सुकला थर की पुन्हा पाक. घाई केली तर साखर फुटते. सुल्मोनाच्या कन्फेत्तीत पीठ, स्टार्च काही चालत नाही, निव्वळ साखर, यावर त्यांचा फार जोर. मी मान डोलावत होते. कारण हे सगळं मी मिरजेला आत्याच्या माजघरात पाहिलेलं होतं.

आत्याचा हलवा म्हणजे जानेवारीतलं यज्ञकर्म. शेगडीत निखारे, त्यावर राखेचं पांघरूण, वर पितळेची परात. परातीत तीळ, दुसऱ्या घाण्याला साबुदाणा. पाकात चमचाभर दूध टाकून मळी काढलेली. छोट्या चमच्यानं पाक शिंपडायचा आणि लगेच बोटांच्या टोकांनी दाणे फिरवत राहायचं. दामटायचं नाही, नुसतं फिरवायचं. कोरडे झाले की पुन्हा चमचा. असं तीन-तीन दिवस. महिना संपेपर्यंत आत्याची पहिली दोन बोटं गुलाबी, सोललेली. घरातलं जो कोणी माजघरावरून जाईल तो विचारायचा, "काटा आला का?" टपाल द्यायला आलेला पोस्टमनसुद्धा. आणि तिसऱ्या दिवशी दुपारी कधीतरी त्या गुळगुळीत दाण्यांना एकदम टोकं फुटायची, बारीक बारीक, चांदण्यांसारखी. आत्या मग कुणालाही हात लावू द्यायची नाही.

मी एकदाच केला, 1983 साली, लग्नानंतरच्या पहिल्या संक्रांतीला, सासरी छाप पाडायला. चार दिवस परात फिरवली. दाणे मोठे झाले, पांढरे झाले, छान गोल झाले. काटा म्हणून येईना. निखारा कमी होता की पाक पातळ, देव जाणे. आत्यानं एक दाणा बोटांत फिरवून पाहिला, "औषधाच्या गोळ्या झाल्यात" म्हणाली आणि सगळा घाणा परसात मुंग्यांना घातला. तो सल माझ्या मनात चाळीस वर्षं होता. सुल्मोनाच्या दुकानात, काचेच्या बरणीसमोर, तो निघाला. कारण इथे जेवढा गुळगुळीत तेवढा उत्तम. खडबडीत निघाला तो बाद. म्हणजे मी हलवा बिघडवला नव्हता. मी कन्फेत्ती केले होते आणि मिरजेत ते ओळखणारं कुणी नव्हतं.

दुकानातल्या बाईंना मी फोनवर भाचीचा बोरन्हाणाचा फोटो दाखवला, मुकुटातला. त्यांनी चष्मा लावून पाहिला, जवळ घेऊन पाहिला आणि भाचीला विचारलं, साखरेला टोकं कशी आणता? मला बोलायला वाव मिळाला. निखारा, राख, बोटं, दूध, पोस्टमन, सगळं सांगितलं. भाचीनं त्यातलं किती पोचवलं कोण जाणे, कारण माझी पाच मिनिटं तिनं दोन वाक्यांत संपवली. बाई हसल्या आणि म्हणाल्या, असं खडबडीत करतात ते पिस्तोयाला. तिकडे तोस्कानात. ज्या सुरात पुण्याचा माणूस "ते नागपूरला" म्हणतो, अगदी त्याच सुरात.

रात्री भाचीनं शोधून दाखवलं. खरंच. पिस्तोयाचे कन्फेत्ती. फ्लॉरेन्सच्या वायव्येला पस्तीसेक किलोमीटर. पूर्वी आत बडीशेपेच्या चुलत बहिणीचा, अ‍ॅनिसचा दाणा असायचा, हल्ली बदामही असतो. पाक थेंबाथेंबानं सोडतात आणि बाहेरून सगळा काटा. पांढरा, टोकदार, चांदणीसारखा. फोटो पाहून मला ओरडावंसं वाटलं, काटा आला! पण आमचं परतीचं तिकीट दुसऱ्या दिवसाचं होतं, आणि दाढ ठणकत होती.

तर बुधवारी रात्री मी चौथ्या मजल्याला उत्तर पाठवलं. "आब्रुत्सोला अर्ध्या दिवसात जाऊ नका. फ्लॉरेन्सला आहातच, तिथून रेल्वेनं पिस्तोयाला जा, तासाभराच्या आत पोचाल. काटेरी कन्फेत्ती मागा, पाव किलो माझ्यासाठी. गुळगुळीत दिले तर घेऊ नका."

पाच मिनिटांनी उलट प्रश्न आला. "काकू, तिथे किल्ला आहे का?"

आहे म्हटलं. सान्ता बार्बारा. पण आधी दुकान, दुपारी बंद होतं.